कीप-अलाइव्ह चालू ठेवून केलेली लोड टेस्ट खरी की बंद ठेवून?

सावनी:
आमच्याकडे सध्या एकाच सर्व्हरबद्दल दोन आकडे फिरतायत आणि त्यावरून रोज वाद. एकाने एबी (अपाचीचं लोड टेस्टचं टूल) चालवलं, साधंच, काही फ्लॅग न देता. दुसऱ्याने डब्ल्यूआरके हे तसंच दुसरं टूल चालवलं. तोच सर्व्हर, तीच छोटं जेसन देणारी यूआरएल, कॉनकरन्सी (एका वेळी चालू रिक्वेस्ट) तेवढीच, आणि सेकंदाला किती रिक्वेस्ट याचा आकडा कित्येक पट वेगळा. एबीला मायनस के दिलं, म्हणजे कीप-अलाइव्ह (एकच कनेक्शन उघडं ठेवून त्यावर अनेक रिक्वेस्ट पाठवणं) चालू केलं, की आकडा वर जातो पण डब्ल्यूआरकेच्या जवळपासही पोचत नाही. आणि डायनॅमिक पेजवर तर मायनस के देऊनही ढिम्म फरक पडत नाही, रिपोर्टमध्ये कीप-अलाइव्ह रिक्वेस्ट्स शून्य येतात. सर्व्हरवर कीप-अलाइव्ह चालू आहे हे नक्की, कर्ल या कमांडने तपासलंय, दुसरी रिक्वेस्ट त्याच कनेक्शनवर जाते.
मॅनेजरना मोठा आकडा आवडतो, इन्फ्रावाल्यांना छोटा. मला कपॅसिटी प्लॅनमध्ये लिहायला खरा आकडा हवाय. कुठला धरू? आणि ते शून्य का येतंय?

लॉगवाचक:
शून्याचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. एबी रिक्वेस्ट पाठवतं एचटीटीपी १.० मध्ये. मायनस के दिलं की फक्त कनेक्शन: कीप-अलाइव्ह हे हेडर जोडतं, व्हर्जन १.० च राहतं. आता कनेक्शन उघडं ठेवायचं तर क्लायंटला कळायला हवं की रिस्पॉन्सची बॉडी नेमकी कुठे संपली. कंटेंट-लेंग्थ (बॉडीची लांबी सांगणारं हेडर) असेल तर कळतं, चंक्ड एन्कोडिंग (बॉडी तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येकाची लांबी सांगून पाठवणं) असेल तर कळतं, दोन्ही नसेल तर कनेक्शन बंद झालं म्हणजे संपलं असं धरायचं. चंक्ड आलं १.१ मध्ये, १.० च्या क्लायंटला ते पाठवता येत नाही. तुझं स्टॅटिक जेसन लेंग्थसकट जातं म्हणून तिथे कीप-अलाइव्ह चालतं, डायनॅमिक पेज तयार होता होता पाठवलं जातं, लांबी आधी माहीत नसते, मग सर्व्हरपुढे कनेक्शन बंद करण्याशिवाय पर्याय राहत नाही. कर्ल १.१ बोलतं म्हणून त्याला अडचण नाही.
दुसरं, एबी एकाच थ्रेडवर चालतं. टेस्ट चालू असताना टेस्टच्या मशीनवर टॉप कमांड लावून बघ, एबीने एक कोर शंभर टक्के खाल्लेला असेल तर तू सर्व्हर मोजतच नाहीयेस, एबी मोजतेयस. डब्ल्यूआरके अनेक थ्रेड वापरतं, १.१ बोलतं आणि कनेक्शन आपणहून परत वापरतं. त्यामुळे ते दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, एक खरा आणि एक खोटा असं नाही.
जाता जाता, डायनॅमिक पेजवर एबी फेल्ड रिक्वेस्ट्स दाखवत असेल तर घाबरू नकोस, पहिल्या रिस्पॉन्सपेक्षा लांबी वेगळी आली की ते त्याला फेल समजतं.

जुनाजाणता:
थोडी मागची गोष्ट सांगतो, म्हणजे हा फ्लॅग एवढा महत्त्वाचा का ते कळेल. १.० मध्ये एक रिक्वेस्ट, एक रिस्पॉन्स आणि कनेक्शन बंद हा नियमच होता, पानावर वीस चित्रं असली की एकवीस कनेक्शनं. १९९४-९५ च्या सुमाराला जेफ्री मोगल वगैरे संशोधकांनी मोजून दाखवलं की यात वेळ कसा वाया जातो, आणि जानेवारी १९९७ मध्ये १.१ चा पहिला आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) २०६८ आला त्यात कनेक्शन उघडं ठेवणं हेच डीफॉल्ट झालं. बंद करायचं असेल तर कनेक्शन: क्लोज असं स्पष्ट सांगायचं.
हिशेब करून बघा. क्लायंट आणि सर्व्हरमध्ये जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागतात असं धरू. नवीन कनेक्शनला टीसीपी हँडशेकची (कनेक्शन जोडण्याची) एक फेरी, टीएलएस (एन्क्रिप्शन) १.२ असेल तर आणखी दोन, मग रिक्वेस्टची एक. म्हणजे सर्व्हरने शून्य वेळात उत्तर दिलं तरी ४०० मिलिसेकंद. टीएलएस १.३ ला ३००. तेच उघड्या कनेक्शनवर १००. वर नवीन कनेक्शन स्लो स्टार्टमध्ये (हळूहळू वेग वाढवण्याच्या टप्प्यात) असतं, सुरुवातीला १० सेगमेंट म्हणजे साधारण १४ केबी एका दमात जातात, त्याहून मोठा रिस्पॉन्स असेल तर आणखी फेऱ्या.
आणि गंमत अशी की लोड टेस्ट करणारे बहुतेक जण टेस्टचं मशीन सर्व्हरच्या शेजारीच लावतात, तिथे फेरीला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही, मग यातलं काहीच दिसत नाही. तिथे दोन आकड्यांत जो फरक दिसतो तो सीपीयूचा असतो: कनेक्शन घेणं, सॉकेट बनवणं, मोडणं, टीएलएस असेल तर प्रत्येक वेळी हँडशेकची सही. खऱ्या युजरला जाणवणारा फरक वेगळाच असतो.

निषाद_के:
मला हे पटतं पण मग सरळ कीप-अलाइव्ह बंद ठेवूनच टेस्ट करा ना. वर्स्ट केस मिळेल. तेवढा लोड झेलला तर खऱ्यात काहीच प्रॉब्लेम नाही. आम्ही कायम असंच करतो.

लॉगवाचक:
@निषाद_के, वर्स्ट केस मिळते असं वाटतं पण मिळते भलतीच केस. एका टेस्ट मशीनवरून एकाच आयपी आणि पोर्टला सारखी नवीन कनेक्शनं उघडलीस तर लिनक्सवर क्लायंटकडे डीफॉल्टने ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट असतात, म्हणजे २८२३२. जी बाजू कनेक्शन आधी बंद करते तिच्याकडे ते सॉकेट टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावरची वाट बघण्याची अवस्था) ६० सेकंद पडून राहतं. तुझं टूल आधी बंद करणारं असेल तर २८२३२ भागिले ६०, सेकंदाला साधारण ४७० नवीन कनेक्शनं, त्यापुढे पोर्ट संपले आणि पत्ता देता येत नाही अशी एरर यायला लागते. सर्व्हर बिचारा तेव्हा रिकामा बसलेला असतो. आणि आपण रिपोर्टमध्ये लिहितो की सर्व्हर ४७० ला कोसळला.
सर्व्हर आधी बंद करत असेल तर टाइम-वेट त्याच्याकडे साठतात, तिथे पोर्ट संपायचा प्रश्न नाही कारण त्याच्या बाजूला सगळ्यांचा पोर्ट एकच, थोडी मेमरी जाते एवढंच. म्हणून टेस्ट चालू असताना दोन्ही मशीनवर एसएस कमांडने टाइम-वेट कुठल्या बाजूला वाढतायत ते बघायची सवय हवी.

निषाद_के:
टाइम-वेटसाठी आम्ही कर्नल सेटिंग्ज बदलतो, टीडब्ल्यू (टाइम-वेट) रीयूज आणि टीडब्ल्यू रीसायकल दोन्ही ऑन. जुन्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं आहे तसं.

जुनाजाणता:
रीसायकल काढा हो त्या डॉक्युमेंटमधून! एकाच नॅटमागे (अनेकांना बाहेर एकच आयपी देणारी सोय) बरेच युजर असले की त्यांचे टाइमस्टॅम्प एकमेकांशी जुळत नाहीत आणि कर्नल त्यांची कनेक्शनं गुपचूप टाकून द्यायचा, काहींचं चालतंय काहींचं नाही असा भुताटकीसारखा प्रकार. लिनक्स ४.१२ मध्ये, २०१७ साली, ते सेटिंगच काढून टाकलं. नवीन कर्नलवर ती ओळ निरुपयोगी आहे, जुन्यावर घातक. रीयूज वेगळं, ते फक्त बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांना लागू होतं, ते ठीक आहे.

अरुंधती:
निषादची बाजू थोडी घेते. कीप-अलाइव्हला घाबरणारे लोक उगाच घाबरत नव्हते. अपाची वेब सर्व्हरच्या प्रीफोर्क या पद्धतीत एक कनेक्शन म्हणजे एक अख्खी प्रोसेस, मग ते कनेक्शन काही काम करत असो वा नुसतं उघडं बसलेलं असो. अशा प्रोसेस (वर्कर) डीफॉल्टने २५६. जुन्या व्हर्जनमध्ये कीप-अलाइव्ह टाइमआउट १५ सेकंद होता. म्हणजे प्रत्येक युजर एक पान घेऊन वाचत बसला तर त्याची प्रोसेस १५ सेकंद अडकली, २५६ भागिले १५, सेकंदाला जेमतेम १७ नवीन युजर! नंतर डीफॉल्ट ५ सेकंद केला तेव्हा तेच ५१ झालं. सीपीयू दहा टक्के आणि साइट बंद, असं दिसायचं तेव्हा. म्हणून लोक कीप-अलाइव्ह बंद करायचे आणि तेव्हा ते बरोबरही होतं.
अपाची २.४ पासून इव्हेंट एमपीएम ही दुसरी पद्धत आहे, त्यात रिकामी बसलेली कनेक्शनं एक लिसनर थ्रेड सांभाळतो, वर्कर मोकळा होतो. इंजिनएक्स या वेब सर्व्हरचा तर पायाच तो, म्हणून त्याला ७५ सेकंदांचा डीफॉल्ट टाइमआउट परवडतो. पण पीएचपीचं जुनं मॉड्यूल लावलेलं असेल तर बऱ्याच जणांचं अपाची अजून प्रीफोर्कवरच असतं, तेव्हा आधी ते बघा.

सावनी:
आमच्याकडे पुढे इंजिनएक्स आहे मागे ॲप, त्यामुळे प्रीफोर्कचा प्रश्न नाही. पण मग मुद्दा असा राहतो की खरे युजर एका कनेक्शनवर किती रिक्वेस्ट करतात हे कळायला हवं. ते कसं काढायचं?

लॉगवाचक:
हा खरा प्रश्न. इंजिनएक्सच्या लॉग फॉरमॅटमध्ये दोन व्हेरिएबल घालता येतात, एक कनेक्शनचा क्रमांक आणि दुसरं त्या कनेक्शनवरची ही कितवी रिक्वेस्ट. अपाचीला टक्का-के. एक दिवस ते लॉगमध्ये चालू ठेव, मग प्रत्येक कनेक्शनवरचा सगळ्यात मोठा आकडा काढ आणि त्याचं वितरण बघ, नुसती सरासरी नको. ब्राउझरचं ट्रॅफिक एका तऱ्हेचं दिसेल, मोबाइल ॲपचं वेगळं, आणि दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर तुमच्या एपीआयला कॉल करत असतील तर त्यात काही जण हमखास प्रत्येक कॉलला नवीन कनेक्शन उघडत असतात कारण त्यांच्या कोडमध्ये दर वेळी नवा क्लायंट ऑब्जेक्ट बनतो. ते प्रमाण हातात आलं की टेस्ट त्याच प्रमाणात करायची. तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर तेच आहे, चालू की बंद हे आपण ठरवायचं नाही, लॉगने ठरवायचं.

पोर्टऐंशी:
चर्चा छान चाललीये पण सगळे फक्त थ्रूपुटबद्दल (सेकंदाला किती रिक्वेस्ट) बोलतायत, लेटन्सीचं (एका रिक्वेस्टला किती वेळ) काय? डब्ल्यूआरकेचा ९९ पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपल्या ती वेळ) बघून खूश होऊ नका. उघड्या कनेक्शनवर टूल एक रिक्वेस्ट पाठवतं, उत्तराची वाट बघतं, मगच पुढची पाठवतं. सर्व्हर अडकला की टूलही थांबतं, म्हणजे सर्व्हर जेव्हा सगळ्यात वाईट अवस्थेत असतो नेमकं तेव्हाच आपण मोजणं बंद करतो.
उदाहरण घ्या. एक कनेक्शन, १० मिलिसेकंदात उत्तर, सेकंदाला १०० रिक्वेस्ट. १०० सेकंदांच्या टेस्टमध्ये सर्व्हर मधेच सलग १० सेकंद गोठला. टूलच्या नोंदीत काय येईल? ९० सेकंदांच्या ९००० रिक्वेस्ट १० मिलिसेकंदवाल्या, आणि एकच १० सेकंदांची. ९९ पर्सेंटाइल निघतो १० मिलिसेकंद, झकास! खऱ्यात युजर थांबत नाहीत, त्या १० सेकंदांत आणखी १००० जण आले असते, कुणी १० सेकंद थांबलं असतं, कुणी ५, कुणी १. त्या हिशेबाने ९९ पर्सेंटाइल येतो ९ सेकंदांच्या आसपास. १० मिलिसेकंद आणि ९ सेकंद, तोच सर्व्हर तीच टेस्ट.
गिल टेने यांनी याला कोऑर्डिनेटेड ओमिशन असं नाव दिलं आणि डब्ल्यूआरके२ काढलं, त्यात रेट आधी द्यावा लागतो आणि रिक्वेस्ट कधी जायला हवी होती तिथपासून वेळ मोजतात. कपॅसिटी प्लॅनसाठी मी तरी दुसरं काही वापरू नका म्हणेन. रेट वाढवत वाढवत न्यायचा आणि पर्सेंटाइल कुठे वळतो ते बघायचं.

निषाद_के:
हे माहीत नव्हतं. ९९ पर्सेंटाइलवर आमचे सगळे डॅशबोर्ड आहेत. वाचतोय.

अरुंधती:
पोर्टऐंशी +१. त्यात एक भर. ग्राफमध्ये लेटन्सीचे ठिपके बरोब्बर १ सेकंद आणि ३ सेकंदांवर पट्ट्यासारखे जमलेले दिसले तर ॲपमध्ये शोधत बसू नका. कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट सर्व्हरची रांग भरल्यामुळे टाकलं गेलं, क्लायंटने १ सेकंदाने परत पाठवलं, तेही गेलं तर आणखी २ सेकंदांनी, म्हणजे एकूण ३. जुन्या कर्नलवर सोमॅक्सकॉन (त्या रांगेची कमाल लांबी) १२८ असायचं, ५.४ पासून ४०९६ आहे, पण ॲपने स्वतः लिसन करताना छोटा आकडा दिला असेल तर तोच लागतो, दोघांतला लहान.
आणि हे कीप-अलाइव्हवाल्या टेस्टमध्ये दिसत नाही कारण टेस्ट सुरू होताना सगळी कनेक्शनं एकदा जोडली जातात, नंतर निवांत. खऱ्यात मात्र डिप्लॉय झाला, प्रोसेस रीस्टार्ट झाल्या की सगळे क्लायंट एकदम परत जोडायला येतात, टीएलएस हँडशेकसकट. तेव्हा रांग भरते. तर टेस्ट चालू असताना मधेच सर्व्हर रीस्टार्ट करून बघा. हे कुणी करत नाही.

निषाद_के:
उपधागा वाटेल पण विचारतो. लोड टेस्टमध्ये एकही एरर नाही आणि प्रॉडक्शनला दिवसातून थोडे थोडे ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही अशी एरर) येतातच. पीक अवरला कमी, रात्री ट्रॅफिक कमी असताना जास्त! उलटं कसं? लोड बॅलन्सरच्या (अनेक सर्व्हरमध्ये लोड वाटणाऱ्या) मागे नोडची (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टची) ॲप्लिकेशन आहे.

लॉगवाचक:
उपधागा नाही, हाच विषय आहे. लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं) किती? बऱ्याच ठिकाणी ६० सेकंद असतो. नोडच्या सर्व्हरचा कीप-अलाइव्ह टाइमआउट बरीच वर्षं डीफॉल्टने ५ सेकंद आहे. म्हणजे बॅलन्सरला वाटतं की हे कनेक्शन अजून जिवंत आहे, नोडने ५ सेकंद शांतता बघून ते बंद करायला घेतलं, आणि बंद झाल्याचा निरोप वाटेत असतानाच बॅलन्सरने त्यावर नवीन रिक्वेस्ट टाकली. उत्तरात रीसेट, युजरला ५०२. पीक अवरला कनेक्शन ५ सेकंद रिकामं राहतच नाही म्हणून त्रास कमी, रात्री राहतं म्हणून जास्त. लोड टेस्टमध्ये तर एक मिलिसेकंदही रिकामं राहत नाही, तिथे हे दिसणं अशक्यच.
नियम असा की मागच्या सर्व्हरचा टाइमआउट पुढच्यापेक्षा जास्त हवा, म्हणजे बंद करायचं काम नेहमी रिक्वेस्ट पाठवणाऱ्या बाजूने होईल. बॅलन्सर ६० तर नोडला ६५ वगैरे दे. आणि ५०२ मध्ये पोस्ट (डेटा पाठवणाऱ्या) रिक्वेस्ट जास्त आहेत का बघ, गेट (नुसतं वाचणारी) असेल तर मधले प्रॉक्सी बहुतेक वेळा परत पाठवून टाकतात, पोस्ट परत पाठवणं धोक्याचं असतं म्हणून ती एरर होऊन बाहेर येते. टेस्टमध्ये हे पकडायचं तर थोड्या कनेक्शनांवर दोन रिक्वेस्टमध्ये मुद्दाम ४ ते ६ सेकंदांचं अंतर ठेव.

निषाद_के:
बघितलं. पोस्टच आहेत जवळजवळ सगळ्या. टाइमआउट बदलून टाकतो, कळवतो.

सावनी:
लॉगचं काम सुरू केलंय. दरम्यान एक सापडलं. बाहेरून इंजिनएक्सपर्यंत कीप-अलाइव्ह व्यवस्थित आहे, पण इंजिनएक्स ते ॲप दर रिक्वेस्टला नवीन कनेक्शन! अपस्ट्रीम (मागच्या सर्व्हरच्या) ब्लॉकमध्ये कीप-अलाइव्ह ३२ लिहिलेलं आहे तरी.

लॉगवाचक:
नुसतं ते लिहून भागत नाही. कित्येक वर्षं इंजिनएक्स मागच्या सर्व्हरशी डीफॉल्टने १.० च बोलत आलं आणि कनेक्शन: क्लोज पाठवत आलं. तुझं व्हर्जन जुनं असेल तर प्रॉक्सीचं एचटीटीपी व्हर्जन १.१ कर आणि कनेक्शन हेडर रिकामं कर, दोन्ही ओळी हव्यात. शिवाय ते ३२ म्हणजे जास्तीत जास्त ३२ कनेक्शनं असा अर्थ नाही, प्रत्येक वर्कर प्रोसेसने रिकामी झालेली किती कनेक्शनं राखून ठेवायची ते ३२. लोड जास्त असेल तर त्याहून जास्त उघडतात आणि वरची बंद होत राहतात.

पोर्टऐंशी:
आणि मागे कंटेनर असतील तर उलटा त्रासही लक्षात ठेव. फक्त टीसीपीच्या पातळीवर लोड वाटणारा बॅलन्सर कनेक्शनं वाटतो, रिक्वेस्ट नाही. कनेक्शनं तासन्‌तास उघडी राहिली की लोड वाढल्यावर नवीन कंटेनर उभे केले तरी त्यांच्याकडे कुणी जात नाही, जुने घामाघूम आणि नवे रिकामे. एचटीटीपी/२ ला तर हे आणखी जाणवतं कारण एकाच कनेक्शनवर सगळ्या स्ट्रीम. म्हणून कनेक्शनला वयाची मर्यादा घालतात. इंजिनएक्समध्ये एका कनेक्शनवर १००० रिक्वेस्ट झाल्या की बंद हे डीफॉल्ट आहे, पूर्वी १०० होतं. एचटीटीपी/२ ची टेस्ट करायची असेल तर एचटू-लोड हे टूल वापर, एबी आणि डब्ल्यूआरके दोन्हींना ते येत नाही.

सावनी:
अपस्ट्रीमच्या दोन्ही ओळी घातल्या. सीपीयू खाली आला, छान. पण आता नवीनच काहीतरी, छोट्या रिस्पॉन्सना ठरावीक ४० मिलिसेकंद लागतायत, ना ३८ ना ४५, चाळीसच. आधी २-३ मध्ये यायचे. कीप-अलाइव्ह काढलं की परत २-३!

जुनाजाणता:
चाळीस म्हटल्यावर ओळखलं. ॲप हेडर एका राइटमध्ये आणि बॉडी दुसऱ्या राइटमध्ये पाठवत असणार. नेगल अल्गोरिदम म्हणतो आधीच्या पॅकेटची पोच येईपर्यंत दुसरं छोटं पॅकेट थांबवा, आणि पलीकडे लिनक्सचा डिलेड ॲक म्हणतो पोच लगेच नको, ४० मिलिसेकंद थांबू, काही पाठवायचं निघालं तर त्यासोबतच देऊ. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. कनेक्शन दर वेळी बंद करत होतीस तेव्हा बंद करताना उरलेला डेटा ताबडतोब बाहेर ढकलला जायचा म्हणून हे झाकलेलं होतं. पर्सिस्टंट कनेक्शनबरोबर हा घोळ होतो हे १९९७ पासून माहीत आहे.
ॲपच्या सॉकेटवर टीसीपी नोडिले (नेगल बंद करणारं सेटिंग) लाव, किंवा त्याहून चांगलं म्हणजे हेडर आणि बॉडी एकत्र करून एकाच राइटमध्ये पाठव. इंजिनएक्सच्या बाजूला नोडिले आधीपासून चालू असतं, त्यामुळे बदल ॲपमध्येच करावा लागेल. एसट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय काय मागते ते दाखवणारं टूल) लावलंस तर दोन राइट लागोपाठ दिसतील.

सावनी:
एसट्रेस लावलं. दोन राइट आहेत, पहिल्यात फक्त हेडर. फ्रेमवर्कमध्ये बफर करण्याचा पर्याय आहे, तो चालू करून डब्ल्यूआरके२ ने परत रन लावतेय, लॉगमधलं प्रमाणही तोपर्यंत हाती येईल. आकडे इथेच टाकते.